काळा दाणा

प्रिय राइनेरिओ,

हे पत्र घेऊन आलेल्या साधूला आधी पोटभर जेवायला घाल, मग पुढचं वाच. त्याला अक्षरओळख नाही, म्हणूनच मी त्याला निवडलं. नव्या पोदेस्ताची निवड झाल्यापासून तो शपथ घेईपर्यंत आमच्या शहरातल्या कुणीही त्याला खासगी निरोप धाडायचा नाही असा इथला कायदा आहे, आणि तो मोडणाऱ्याची जीभ कापायची तरतूद आहे. तो कायदा लिहिणाऱ्या समितीत मी होतो. जिभेचं कलम तर माझ्याच सूचनेवरून घातलं गेलं. तेव्हा वाचून झालं की पत्र चुलीत घाल, आणि हसायचं असेल तर मनातल्या मनात हस.

तर तुझी निवड झाली आहे. आमचे दूत पाठोपाठ ब्रेशियाला पोचतील, लवून नमस्कार करतील आणि मोन्तेफाल्बो शहरावर सहा महिने पोदेस्ता म्हणून न्याय करायला चला, अशी विनंती करतील. तुझं अभिनंदन करू की सांत्वन, हे मला ठरवता येत नाही. आमचा एकमेकांवर एवढा गाढ विश्वास आहे की निवाडा करायला माणूस परगावाहून आणावा लागतो. बायको आणायची नाही. कुणा नागरिकाच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. कुणाच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला उभं राहायचं नाही. सहा महिने त्या दगडी वाड्यात तू, तुझे कारकून आणि तुझे शिपाई. वाईन मात्र चांगली देतो आम्ही. तेवढी अब्रू अजून शिल्लक आहे.

बोलोन्यात आपण एका खाटेवर झोपायचो, ते तुला आठवतं का? कायद्याचे ग्रंथ भाड्याने आणून अर्धे अर्धे उतरवून घ्यायचो, आणि तुझ्या अर्ध्या भागात कायम जास्त चुका असायच्या. आणि तो मनोरा! पैज तू लावलीस, आणि अर्ध्यावर जाऊन भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसलास तूच. वरही जाईनास, खालीही उतरेनास. वरून उतरणारे लोक तुला ओलांडून जात होते, कुणी टपली मारत होतं. मी तुझ्या कमरेला हात घालून एकेक पायरी उतरवत तुला खाली आणलं. खाली आल्यावर तू म्हणालास, मरणाची भीती नाही रे, पायाखाली काही नसण्याची आहे. मी तुला वर्षभर त्यावरून छळलं. त्याबद्दल आज माफी मागतो. का, ते पुढे कळेल.

माझ्या उबाल्दिनोला तू पाहिलेलं नाहीस. एकुलता एक. त्याच्या आधीची तिन्ही बाळं गेली, त्यामुळे तेस्सानं त्याला जपलं आणि मी लाडावलं. माझ्याहून वीतभर उंच झाला आहे. गातो चांगला, हिशेबात ढ आहे, रागाला फार लवकर येतो. लहानपणी त्याला तेस्साच्या माहेरच्या मनोऱ्यावर नेला होता. तिच्या भावाचा, गेरार्दोचा मनोरा शहरात सगळ्यात उंच. वर पोचताच पोरानं माझ्या गळ्याला मिठी मारली ती खाली येईपर्यंत सोडली नाही. अंगाला थरथर, ओठ पांढरे. मामा हसला. मला मात्र तू आठवलास.

आता तो तुरुंगात आहे, राइनेरिओ. आमच्या पोदेस्ताच्या वाड्याखालच्या कोठडीत. तू येशील तेव्हा तो तुझ्या पायाखालीच असेल.

कार्निव्हलच्या दिवसांत तो मामेभावांबरोबर घोडे घेऊन रंगाऱ्यांच्या गल्लीतून चालला होता. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना ओल्या कापडांच्या दोऱ्या. एका ओल्या निळ्या कापडाची कड त्याच्या नव्या पांढऱ्या झग्याला लागली. कापड वाळत घालणारा नुच्चो नावाचा रंगाऱ्याचा पोर. तो हसला, म्हणाला, रंगवणावळ तुमच्याकडून घेणार नाही, फुकट दिला. आणि गल्ली हसली. एवढंच. एवढ्यावर माझा पोरगा घोड्यावरून उतरला. मामेभावांनी शपथेवर सांगितलं आहे की सुरा आधी नुच्चोनं काढला. सगळ्यांची साक्ष अगदी शब्दाला शब्द जुळते, यावरूनच तुला काय ते कळेल.

मला उबाल्दिनोनं स्वतः सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, शिपाई यायच्या आधी, घोड्याच्या पागेत. गवतावर बसला होता, हात धुतलेले, पण नखांत निळा रंग तसाच. मी विचारलं, सुरा कुणाकडे होता. त्यानं नखांतला रंग खरवडला. मग म्हणाला, "बाबा, तो पळत होता." तेवढं बोलून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला नुच्चो आठवलाही नाही. माझा पोरगा थंडीनं गारठला आहे, एवढंच मला दिसत होतं.

मी हे न्यायालयात सांगू शकत नाही. मुलाविरुद्ध बापाची साक्ष धरायची नाही, असा आमचा कायदा आहे आणि तो शहाणपणाचा आहे. जुना पोदेस्ता भला माणूस होता, पण गेरार्दोच्या मनोऱ्याकडे बघून त्याला दर सुनावणीला ताप भरायचा. शेवटी मुदत संपली, त्याचं सामान खेचरांवर लादलं गेलं आणि खटला तुझ्यासाठी राहिला.

नुच्चोच्या आईचं नाव मोन्ना चेक्का. विधवा बाई, कोपरापर्यंत हात निळे. नगरसभेची घंटा झाली की रोज सभेच्या पायऱ्यांवर येते आणि पोराचा सदरा पसरून बसते. न धुतलेला. मोठ्या घराण्यांत असे सदरे जपून ठेवतात, पुढेमागे सूड घ्यायचा म्हणून. तिच्या घरात सूड घ्यायला उरलंय कोण? रंगाऱ्यांना मनोरा नाही, घोडे नाहीत, मामेभाऊ नाहीत. सदऱ्यावर पाठीच्या बाजूला भोक आहे. सगळी सभा त्या सदऱ्याला वळसा घालून आत जाते. मीही जायचो.

एक दिवस तिनं मला हाक मारली. मला वाटलं शिव्या देईल. निदान थुंकेल तरी. ती बसल्या जागेवरून वर बघत म्हणाली, "मेस्सेर, तुमचं लेकरू आहे, तुम्ही त्याच्यासाठी धडपडणारच. मीसुद्धा धडपडले असते. पण माणूस बाहेरचा आणा, एवढं बघा. बाहेरचा असला की माझं काही अडायचं नाही." सगळं आयुष्य मी या कायद्यांत घालवलं, राइनेरिओ. ते कुणासाठी लिहिले, असं कुणी विचारलं असतं तर मी लांबलचक भाषण ठोकलं असतं. त्या बाईचा मात्र त्यांच्यावर खरोखर विश्वास होता.

नव्या पोदेस्तासाठी दोन नावं आली. एक तुझं, आणि एक लोंबार्डीतल्या मास्सेओ नावाच्या सरदाराचं. मास्सेओ हा गेरार्दोचा माणूस. त्याच्याशी बोलणी झाली होती, निकालसुद्धा ठरला होता: स्वसंरक्षण, थोडा दंड, पोरगा पुढल्या कार्निव्हलच्या खेळाला घोड्यावर. बाप म्हणून मला सभेत बसू द्यावं की नाही, यावर कुणीतरी कुरकुर केली. गेरार्दोनंच ती मोडून काढली. अजून गुन्हा शाबीत नाही, मग बापाचा हक्क का काढायचा, म्हणाला. कारण दोन्ही बाजू अगदी तोलून उभ्या होत्या आणि त्याला माझ्या मताचा दाणा हवा होता. मला जिन्यात गाठून खांद्यावर थाप मारली. "भावजी, दाणा टाकायचाय, डोंगर नाही उचलायचा." मी मान हलवली. मी खरंच त्याचंच ऐकणार होतो.

तुमच्याकडे कशी रीत आहे ठाऊक नाही. आमच्याकडे प्रत्येक नावाला हातात वालाचे दोन दाणे देतात, एक काळा, एक पांढरा. काळा म्हणजे हो. मूठ मिटूनच पेटीत हात घालायचा, टाकायचा तो टाकायचा, उरलेला दुसऱ्या पेटीत. कुणी काय टाकलं ते देवाला ठाऊक. मास्सेओचं नाव पुकारलं. पेटी माझ्यासमोर आली. आत हात घातला आणि बोटांना तर दोन्ही दाणे सारखेच लागतात, म्हणून मी काळा अंगठ्याखाली घट्ट दाबून धरला होता. दाबूनच धरला, सोडला नाही. पांढरा पडला. मग तुझं नाव पुकारलं तेव्हा काळा टाकला.

हे मी का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. न्यायासाठी केलं असं लिहिलं तर तू म्हणशील, बोनाकोर्सो अजून भाषणं ठोकतो. बाहेर पायऱ्यांवर ती बाई बसली होती आणि मला तिथून परत जायचं होतं, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. गेरार्दोला वाटतं दगा सभेतल्या मिठाच्या व्यापाऱ्यानं दिला. भर बाजारात त्यानं त्या म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवली, टोपी गटारात गेली. मी तिथेच उभा होतो. गप्प राहिलो.

तेस्साला हे माहीत नाही. मी घरी आलो तेव्हा तिनं माझा उजवा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं. तू तुझ्याकडून केलंस, म्हणाली, नशिबानं दिलं नाही. हल्ली ती तुझ्यासाठी प्रार्थना करते. नवा पोदेस्ता मऊ मनाचा निघो, म्हणून तिनं मेणबत्त्या लावल्या आहेत. तू माझा कोण, हेही तिला ठाऊक नाही. मी तुझ्या ओल्या पायमोज्यांच्या गोष्टी तिला सांगितल्या आहेत, पण नाव सांगताना नेहमी 'माझा लोंबार्डीतला बावळट' एवढंच म्हणायचो.

आता मुद्द्यावर येतो. दूत तुला खटल्यांची माहिती देतील, त्यात माझं आडनाव ऐकशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू लगेच उठशील आणि म्हणशील, आरोपीच्या बापाशी माझी मैत्री आहे, मला हे पद घेता येणार नाही. तू नाही म्हणालास की दुसरी निवड होत नाही, मास्सेओ आपोआप येतो. म्हणून नाही म्हणू नकोस. इथे महामंदिरात तुला मिटलेल्या कायद्याच्या पोथीवर हात ठेवायला लावतील आणि विचारतील, या शहरात तुझा कुणी नातलग वा मित्र आहे काय. नाही म्हणून सांग. आयुष्यात पहिल्यांदाच तुला खोटं बोलायला सांगतो आहे, आणि तेही माझ्या पोराला वाचवायला नव्हे. मग तुला जे दिसेल तसा निवाडा कर. ते काय दिसेल, ते मला ठाऊक आहे. फक्त एक कर. आमच्याकडे खुन्याला वाड्याच्या वरच्या खिडकीतून चौकावर टांगतात. पण फास द्यायचा की तलवार, हे पोदेस्ताच्या हातात असतं. त्याला खिडकीशी नेऊ नकोस, राइनेरिओ. तुला माहीत आहे ते कसं असतं. खाली चौकात, फरसबंदीवर गुडघे टेकून बसू दे त्याला, पायाखाली जमीन असू दे. मी समोर उभा असेन. तू माझ्याकडे बघू नकोस, मी तुला ओळखणार नाही.

तू आमच्या वेशीतून आत पाऊल टाकेपर्यंत
तुझाच
बोनाकोर्सो