लाल दोऱ्याचं म्यान

प्रिय नानामामा,

आज सर्वपित्री. मामीनं तुझं पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं. कावळा आला, खीर खाऊन गेला, वड्याला शिवला नाही. तुला वडे नकोसे झाले का? असो, वड्यांचं नाही सांगायचं. तुझा सुरा सापडलाय, आणि मी तो आणलेला नाही. हे तुला आजच कळायला हवं.

तुझी भिंत तशीच आहे. एका खिळ्यावर पातं, शेजारच्या खिळ्यावर त्याचं म्यान. कंपनीतून आलास की चहाच्या आधी तू सगळ्यांवरून फडकं फिरवायचास. "कातडं ओल धरतं रे, लोखंड खातं. ह्यांची गाठ फक्त खंडेनवमीला." लष्करी भंगारातल्या सुऱ्यांचा हा संसार बघून पाहुणे हसायचे. आणि ते एक बिनपात्याचं म्यान, तोंडाशी लाल दोऱ्यानं शिवलेलं. त्याच्या शेजारच्या खिळ्यावर तू नुसतं झेंडूचं फूल अडकवायचास. "ह्याचं पातं शोध, भटक्या. तेवढं तरी काम कर." दवाखान्यात शेवटीही तेच म्हणालास. मी हो म्हणालो.

बाकीच्या म्यानांना तू मेण चोळायचास, तरी ती तडकली. हे कधीच नाही. दर अमावास्येला ते हाताला तेलकट लागायचं, वास करडईच्या तेलाचा. आपल्या घरात तर शेंगदाण्याचं तेल. तू माझ्याकडे बघायचास, मी मामीकडे. आठवतं?

तू गेल्यावरही ते थांबलं नाही. मामी आता त्या भिंतीकडे पाठ करून बसत नाही. परवा म्हणाली, "खंडेनवमीच्या आत ते भंगारवाल्याला दे, नाहीतर मीच देते."

उन्हाळ्यात तिनं मला चाकणला कांदे आणायला धाडलं होतं. बाजारात एकाची बैलजोडी इतकी देखणी होती, की मी त्याच्या गाडीत बसून त्याच्या गावापर्यंत गेलो. कांदे राहिले. तू कान धरला असतास. तिथं एका घरापाशी पाणी मागितलं. ओसरीवर एक म्हातारी, मांडीवर सुरा, बोटानं पात्याला तेल लावत बसलेली. वास आला, करडईच्या तेलाचा.

"आज काय आहे, आजी?"

"अवस हाय. दर अवसंला लावती."

"ह्याचं म्यान कुठंय?"

"ल्योकाकडं. चीनच्या लढाईत गेला, घावला न्हाई. सरकारनं ट्रंक धाडली, त्यात ह्ये व्हतं. म्यान न्हाई आलं. तोंडाशी फाटलं व्हतं, म्याच शिवलं व्हतं लाल दोऱ्यानं." मग माझ्याकडे बघून हसली. "लोक म्हंत्यात, त्यो गेला. आरं, म्यान त्याच्या कमरंला हाय, म्हंजी त्यो हाय न्हवं?"

तांब्या तसाच ठेवून उठलो. मागून म्हणाली, "पानी न्हाई प्यालास व्हय?"

तू जुन्या बाजारात ते म्यान कुणाकडून घेतलंस? त्याच्याकडे कुठून आलं? तू कधी सांगितलं नाहीस. थोडा राग येतो तुझा. शोध म्हणालास, सापडल्यावर काय करायचं ते कोण सांगणार?

आज सकाळी म्यानाला हात लावला. बोटं ओली झाली. म्हणजे म्हातारी बसली आहे ओसरीवर.

मग मामीला सगळं सांगितलं. तिनं त्या लाल टाक्यांवरून बोट फिरवलं. "राहू दे मग भिंतीवर," एवढंच म्हणाली.

तर मामा, शब्द देतो. कुठंही भटकत असलो तरी अमावास्येला मी घरी येईन आणि म्यानाला हात लावून बघीन. ज्या अमावास्येला ते कोरडं लागेल, त्याच दिवशी ते घेऊन चाकणच्या गाडीत बसेन. वाटेत कुठंही उतरणार नाही.

तुझा,
भटक्या