मासे उघडे पडले

मु. दिंद्रुड

ती. काशिनाथ दाजींस वीरभद्राचा साष्टांग नमस्कार. भाताखालून दोन मासे वर आले त्या क्षणी माझं आयुष्य फिरलं, म्हणून क्षेमकुशल विचारायचं मागं पडलं. अक्काचा गुडघा आता बरा असावा.

शिवकांतेपायी मी हैदराबादचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं, हे आपण जाणताच. तिचे वडील रुद्रप्पा कापडाचे व्यापारी, पण जीव सगळा जुन्या चिनी भांड्यांत. कुण्या नवाबाची देवडी, म्हणजे वाडा, विकायला निघाली की हे निघालेच. शंख, कमळ, न सुटणारी गाठ, अशी बुद्धाची मंगल चिन्हं असलेली भांडी कपाटात (कपाटाची किल्ली इष्टलिंगासारखी गळ्यात). त्यांतलं हिरवं ताट सगळ्यांत लाडकं. त्याच्या तळाशी दोन मासे. विष वाढलं तर असं ताट तडकतं, असं नवाब मानत. रुद्रप्पा म्हणतात, जेवणाऱ्याच्या मनात खोट असली तरी तडकतं. म्हणून मुलीला बघायला येणारा प्रत्येक जण त्यातच जेवतो.

आता लिंगायताच्या घरात मासे! म्हणून महानंदाबाई, म्हणजे तिची आई, आधी त्यांच्यावर भात थापतात आणि मगच पाहुण्याला बसवतात. तळ उघडा पाडायचा नसतो, हे मला कोणी सांगितलं नाही. पानात शीत टाकू नये ही आपली शिकवण. मी ताट चाटूनपुसून साफ केलं. महानंदाबाई ‘शिव शिव’ करत आत गेल्या. रुद्रप्पा मात्र ताटावर वाकले. “ही रेघ पह्यले नव्हती,” म्हणाले. त्यांनी ताट पाण्यानं भरलं, कोरड्या फडक्यावर ठेवलं. “बसा. फडकं वललं झालं तर समजून घ्या.” आणि दुकानात गेले.

तेव्हापासून बसलोय. कॉलेजात प्रोफेसरांच्या अंगावर धावून जाणारा मी, इथं फडक्याची राखण करतोय. दोनदा फडकं चाचपलं, पण तळहातालाच घाम. ओल माझी की ताटाची, कळेना.

आपला
वीरभद्र

ता. क. खरं काम असं, की मुलगा स्वभावानं गरीब आहे, अशा दोन ओळी आपण रुद्रप्पांना लिहाव्यात.

ता. क. दुसरा. त्या लिहू नका. शिवकांता आत्ता दारात येऊन गेली. म्हणाली, “आधीचे दोघंबी असेच बसलते, फडक्याकडं बगत. म्या दोघांलाबी न्हाई म्हणलं.” मग मी काय करू, असं विचारलं, तर म्हणते, “मला कावून इचारता? ताटाला इचारा की.” फडकं बघितलं नाही. दुकानात जाऊन रुद्रप्पांना समोरासमोर मागणी घालतो. हे उभ्यानंच लिहितोय. निघालो, दार ओढून घेतो.