किल्ली लावून ठेवलेली गाडी

४ मार्च २०२४

आजपासून बाजारातल्या एसटी थांब्यासमोर मोटारसायकल लावून बसायचं! किल्ली गाडीलाच. सीटखाली जीपीएस. मी साध्या साडीत, हातात भाजीची पिशवी. बाळासो हवालदार समोरच्या टपरीत. चोर येईल, गाडी नेईल, आपण धरायचा. साहेब म्हणाले, महिन्यात अकरा गाड्या गेल्या, आता गळ टाकल्याशिवाय इलाज नाही.

नऊ वर्षं झाली पोलिसात. असलं काम पहिल्यांदाच.

५ मार्च

कोणी नाही. एक म्हातारी तेवढी गाडीपाशी उभी राहून ओरडली — कुणाची हाय रं ही, किल्ली राहिलीया! हवालदारांनी तिला हाकललं. चांगल्या माणसांचीच अडचण झालीय आम्हाला.

६ मार्च

सापडला.

कृष्णात नाव. गवंडी. बावन्न वर्षांचा, कडेगावकडच्या एका वाडीचा. तासभर थांब्यावर बसला होता. गाडीकडं बघायचा, मान फिरवायचा, परत बघायचा. माझी कंबर मोडून आली होती. उचल बाबा एकदाची — असं मनात म्हणाले मी! इथं तरी खरं लिहिते. 'काका, राहू द्या ती' एवढं बोलले असते तर उठून गेला असता. नाही बोलले.

त्यानं गाडी घेतली. मोबाईलवर ठिपका सरकायला लागला. आडवाटेला नाही, सरळ ठाण्याच्या रस्त्याला! ठाणं दोनशे पावलांवर असताना हवालदारांनी अडवला.

'ठान्यातच द्यायला निघालो हुतो, साहेब.' दिवसभर हे एकच वाक्य. हवालदार हसत होते.

मला हसू आलं नाही.

७ मार्च

त्याच्या नावावर आधीचं काही नाही. साधी मारामारीसुद्धा नाही. साहेबांना म्हटलं, ठिपका ठाण्याकडंच येत होता, तो नकाशा कागदपत्रांना लावू.

'राजनंदिनी, तू पोलीस का वकील?'

नकाशा लागला नाही.

१५ मार्च

वरून शाबासकीचं पत्र आलं. त्यात माझंही नाव. पेढे वाटले. मी खाल्ला. अकरा गाड्या नेणारा अजून मोकळाच आहे, त्याची आठवण कोणी काढली नाही.

२१ मार्च

कृष्णातला जामीन झाला. त्याची बायको लीलाबाई ठाण्याच्या पायरीवर भेटली. त्याला कामावर कोणी घेत नाही म्हणाली. निम्म्या गावाच्या भिंती त्यानं बांधल्या, आता लोक अंगणात उभा करत नाहीत. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मला 'ताई' म्हणत होती.

२ जुलै २०२५

आज कोर्टात साक्ष झाली.

त्याच्या वकिलानं विचारलं, गाडी कुठल्या दिशेला चालली होती? म्हणाले, ठाण्याच्या. तिथंच थांबायला हवं होतं. पण समोर बाकावर लीलाबाई, पदर तोंडाशी धरून. सोळा महिने मनात साठलेलं बाहेर पडलं —

'तो गाडी ठाण्यात आणून द्यायलाच निघाला होता. मला माहीत आहे.'

साहेबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

१९ जुलै

सुटला! निर्दोष.

२६ जुलै

माझी बदली मुख्यालयात, टपाल नोंदवायला. शिवाय आरोपीला मदत केली म्हणून खात्याची चौकशी. हवालदार जाता जाता म्हणाले, ज्या ताटात खाल्लंस त्यातच माती कालवलीस. आई रडली. नोकरी गेली तर खायचं काय, म्हणाली. जाऊ दे! एका निर्दोष माणसाचं घर तर वाचलं.

१० ऑगस्ट

दुपारी कृष्णात घरी आला. एकटाच. पाणीसुद्धा घेतलं नाही.

'आवं ताई, मी ठान्याला चाललोच नव्हतो. आमच्या वाडीची वाटबी तीच हाय. गाडी ठिऊन घ्यायची हुती. उभ्या जन्मात कुणाचं काय उचललं न्हाई, पर त्या दिशी किल्ली बघितली आन्…' बायकोला ठाऊक नाही म्हणाला. पाया पडायला वाकला, मी मागं सरले.

परवा चौकशीत माझा जबाब आहे. प्रश्न आधीच लेखी आलाय, एकच — आरोपी गाडी ठाण्यात आणून देत होता, हे तुम्हाला कशावरून माहीत?