गुंडूचं पथ्य

२४ मे २००८

लठ्ठ! डॉक्टरांनी गुंडूला चक्क लठ्ठ म्हटलं. एवढासा कॉकाटील पक्षी, आणि लिव्हरवर चरबी! सूर्यफुलाच्या बियांनी होते म्हणे. आम्ही तीन वर्षं त्याला दुसरं काही दिलंच नाही. आवडतात ना, मग द्या!

आता राळे, लाल भाजीची (माठाची) पानं, किसलेला भोपळा, उकडलेला मका. बिया हळूहळू कमी करा म्हणाले. हळूहळू वगैरे मला जमत नाही. घरी आल्या आल्या बियांचा डबा गल्लीतल्या गाईपुढे रिकामा केला. हे म्हणाले, "अवं, थोड्या थोड्या देऊ ना." मी अशी ओरडले की आतून सासूबाई उठून आल्या. ओरडणारच! मला माझा पक्षी जगायला हवा आहे.

२६ मे

कालपासून नौतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. आमचं शहर राजधानी झाल्यापासून कोणा ना कोणा मंत्र्याची गाडी जायची असते — आज घडी चौकात भर उन्हात थांबवून ठेवलं. डोकं नुसतं भणभणत होतं. पण घरी आले तर वाटी साफ! यांची सेकंड शिफ्ट, दुपारपर्यंत घरीच असतात. जायच्या आधी सासूबाईंना सांगून गेले, "भाजीचं पानही सोडलं नाही त्यानं." संध्याकाळी माझ्यासमोर मात्र चोच लावत नाही. पोट भरलेलं असेल.

ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. पथ्य कसं करावं ते माझ्या गुंडूकडून शिका!

३० मे

कूलर सरकवला तर मागे टरफलं. सूर्यफुलाची. ताजी!

आज यांची सुटी होती. विचारलं. "मी काहून देऊ? मले काय माहीत?" — अगदी डोळ्यांत डोळे घालून. मग उरलं कोण? सासूबाईंना नाही नाही ते बोलले. "मी त त्या पिंजऱ्याले हात नाही लावत, माय. मले चोच मारते तो." रडल्या. ताटावरून उठून गेल्या.

हे बाजूला बसून वरण-भात कालवत होते.

३१ मे

सापडलं.

हे आंघोळीला गेले तेव्हा त्यांची ड्यूटीची बॅग धुवायला काढली. डब्याखाली कागदाची पुडी. बियांची.

बियांचं जाऊ दे. पक्ष्याचंही एक वेळ जाऊ दे. पण स्वतःच्या आईवर आळ येऊ दिला या माणसाने! ती रडत होती आणि हा जेवत होता. सव्वीस वर्षं झाली लग्नाला. उरल्याच्या कारखान्यातून उशिरा यायचे, "ओव्हरटाइम होता" म्हणायचे, मी गरम पोळी वाढायचे. कधी विचारलं नाही. आता वाटतं, त्यातलं काय काय खरं होतं? इतक्या सहज खोटं बोलता येतं यांना, हे मला माहीतच नव्हतं.

पुडी पुढ्यात टाकली. म्हणाले, "तुले सांगून काही फायदा असते काय?" उलट मलाच!

सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

१ जून

अबोला. पिंजरा माझ्या खोलीत आणला, दोन दिवसांची रजा टाकणार आहे. यापुढे गुंडूला जे काही मिळेल ते माझ्याच हातून. आतून कडी लावली. दारावर टकटक — "पूर्णिमा, ऐकून त घे." काय ऐकायचं राहिलंय? नाही उघडलं.

२ जून

वाटी तशीच. सकाळची काढून संध्याकाळी ताजी ठेवली, तीही तशीच. बिया चारणारा हवाय त्याला! खोलीच्या दाराकडे तोंड करून बसतो. माझ्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणजे हाही त्यांचाच.

रुसू दे. भूक लागली की खाईल.

३ जून

गुंडू सकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुगवून. रिक्षाने दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी माझं बोट धरून त्याच्या छातीवर ठेवलं. नुसतं हाड. "ये तो भूखा है मॅडम." नळीने काहीतरी भरवलं. मग म्हणाले, "आपके मिस्टर आए थे पिछले हफ्ते. बोले, नया खाना छूता भी नहीं, कटोरी हम ही खाली कर देते हैं. मैंने कहा था, थोडे बीज साथ में देते रहिए, वरना मर जाएगा. उन्होंने आपको बताया नहीं?"

"बताया था," मी म्हणाले.