दिमागाचा फोटो

इंदूर, ३ ऑगस्ट २०२४

ती. स्व. ताईस, केदारचा सा. न.

फोनवर बोललेलं निसटतं म्हणतेस, म्हणून लिहितो. तुझ्या शेजारच्या शालिनीताईंचा फोन आला होता. गॅसवर दूध ठेवून तू दार उघडलंस, कुरियरवाल्याशी बोललीस आणि तशीच कुलूप लावून फूलबागेकडे निघालीस. त्यांना वास आला म्हणून निभावलं. ताई, दोन वर्षं तुझा मूड स्थिर आहे. ना ती धावपळ, ना ते अंथरूण धरणं. मग हे काय? एमआरआयचा रिपोर्ट पुन्हा वाचला. मेंदूच्या पुढच्या भागाचा थर पातळ झालाय, असं स्पष्ट लिहिलंय. आता एकटं राहणं बंद. इंदूरला ये. तुझ्या फ्लॅटसाठी भाडेकरू बघून ठेवलाय, तू नोकरी सोडतेस म्हणून सूर्याजींच्या दुकानातही मीच कळवतो. स्मृतीनं तुझी खोली लावलीये. रागावलीस तरी चालेल, पण ये.

तुझा केदार

ग्वाल्हेर, ११ ऑगस्ट

चि. केदार यास अनेक आशीर्वाद.

अख्ख्या रिपोर्टात तुला एकच ओळ दिसली. डॉक्टरीणबाई पुढे काय म्हणाल्या, ते ऐक. बायपोलर असलेल्या बऱ्याच जणांत सरासरीनं असा पातळपणा दिसतो, पण एका माणसाचा दिवस कसा जाईल, हे दिमागाच्या फोटोवरून सांगता येत नाही. म्हणून तर त्यांनी वेगळ्या चाचण्या घेतल्या. आकडे उलटे म्हणा, एक काम सोडून दुसरं धरा, सगळी झंझट. भाषा, समज चांगली निघाली. मध्येच कोणी अडवलं की हातातलं निसटतं, हेही निघालं. मूड सुधारला तरी काहींच्यात एवढं मागे उरतं. हा आळस नाही रे.

दूध गेलं, कबूल. पण त्यावर मी काय केलं, हे तू विचारलंस का? आता गॅस चालू असताना दार उघडत नाही. ओरडू दे त्या कुरियरवाल्याला. नई सडकेच्या दुकानात चार गिऱ्हाइकं एकदम बोलायची, तिथं माझी गफलत व्हायची. सूर्याजींना मीच सांगितलं आणि मागच्या खोलीत फॉल-पिकोचं काम मागून घेतलं. एक साडी संपली की दुसरी. कोणाची तक्रार नाही. आणि तू परस्पर माझी नोकरी सोडवणार? फुरसत काढून ये, डोळ्यांनी बघ. स्मृतीला आशीर्वाद. माया असू दे, मालकी नको.

राजलक्ष्मी

इंदूर, २ सप्टेंबर

ती. स्व. ताईस सा. न.

सुखरूप पोचलो. गाडीत अर्ध्या वाटेपर्यंत तुझ्यावरच चिडलो होतो. काल तू स्वयंपाक करत होतीस आणि मी ओट्याला टेकून इंदूरचे फायदे सांगत होतो. मध्येच भाडेकरू, मध्येच दवाखाना. डाळ लागली. मी लगेच म्हणालो, बघ. तू चिमटा खाली ठेवून एवढंच विचारलंस, "केदार, इतका वेळ कोण बोलत होतं?"

मी बाहेर जाऊन बसलो. तासाभरात गरम पोळ्या, भाजी आणि दुसरी डाळ पानात आली. हात धुवायच्या निमित्तानं मी गॅस बंद आहे का ते बघितलं. बंद होता. तू माझ्याकडे बघत होतीस.

हे स्मृतीला सांगितलं, तर ती म्हणाली, आपल्याकडेही डाळ तुझ्यामुळेच लागते.

भाडेकरूला नाही म्हणून कळवलं. फक्त एक किल्ली शालिनीताईंकडे राहू दे. हा हट्ट नाही, विनंती आहे. नको म्हणालीस तर तेही ऐकेन.

तुझा केदार