रोजचे वीस सेकंद

आबा, दोष तुमच्या पायांचा नव्हता. शेवटपर्यंत तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, "पोरीनं लई मेहनत घेतली, पण पाय म्हातारे झाले." मी समोर बसून ऐकायची आणि चहा संपवायची. आज लिहून टाकते.

दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तुम्ही हवालदार. पाच किलोमीटर वेळेत धावलात तर नायब सुभेदार, नाहीतर त्याच हिवाळ्यात पेन्शन घेऊन गावी. आदल्या खेपेला थोडक्यात राहिला होतात, आणि ही संधी शेवटची होती. मी कॉलेजकडून धावायची, म्हणून शिकवायचं मीच ठरवलं. तुमची चूक पहिल्याच दिवशी दिसली. जवानांनी आपल्याला हळू धावताना पाहिलेलं तुम्हाला खपत नसे. त्यामुळे बराकी मागे पडेपर्यंत छाती काढून सुसाट, आणि पुढे नुसती धाप. मग मी तुम्हाला छावणीबाहेर, मुनिरकाच्या बाजूच्या रस्त्याला नेऊ लागले. तुम्ही धावताय, शेजारी मी सायकलवर. नियम एकच, पहिला किलोमीटर बोलत धावायचं. बोलता येईना, तर वेग जास्त आहे असं समजायचं.

"काय बोलू गं?"

"काहीही बोला. थांबायचं नाही."

आणि तुम्ही बोलताय. आजीची मारकी म्हैस, भरतीच्या दिवशी उसन्या घेतलेल्या चपला, पहिल्या पोस्टिंगला आलेलं रडू. "एवढं तर तुझ्या आईशीपण नाही बोललो कधी," म्हणताय आणि हसताय. दूध घेऊन येणारे एक सुभेदार सायकल थांबवून विचारतात, "क्या हवलदार साब, बिटिया ने भर्ती कर लिया?" "जी साहब, बड़ी सख़्त उस्ताद है," म्हणताना तुमचा चेहरा फुललेला.

दीड महिन्यात तुम्ही वेळेच्या आत आलात. घड्याळ माझ्या हातात होतं. सांगितलं तर ढिले पडाल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं, "अजून वीस सेकंद कमी करायचेत, आबा." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. तुम्ही गुडघ्यांवर हात ठेवून मान हलवायचात, "बिल्कुल. उद्या काढू."

चाचणीच्या सकाळी मी मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होते. शिट्टी झाली आणि तुम्ही विशीतल्या पोरांबरोबर सुटलात. ते वीस सेकंद तुम्हाला पहिल्याच किलोमीटरमध्ये काढायचे होते. मी ओरडले, "आबा, हळू!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पण वेग कमी केला नाहीत. चौथ्या किलोमीटरला कूस धरून चालू लागलात. बाकीचे तुमच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होते. घरी आल्यावर बूट सोडता सोडता म्हणालात, "तू सांगत होतीस ते बरोबर होतं. मी कमीच पडत होतो."

तेव्हा बोलायला हवं होतं. आईनं ट्रंका भरायला काढल्या तेव्हाही. गावी तुम्ही पुन्हा कधी धावला नाहीत. बस सुटत असली तरी चालतच जायचात. पुढे मी नोकरीला लागले, माणसं हाताखाली घेतली. चूक झाली की ती त्याच दिवशी कबूल करायची, असा माझा दंडक होता. तुम्हाला मात्र पंधरा वर्षं सांगितलं नाही, आणि मग तुम्ही गेलात.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू? आईला मी एकदा म्हटलं होतं, आबांना कळलं तर वाईट वाटेल म्हणून गप्प आहे. तसं नव्हतं. सगळ्यांसमोर तुम्ही माझं कौतुक करायचात, ते मला बंद व्हायला नको होतं.