तळ्यांच्या गावी आई

युनोसावा,
५ ऑक्टोबर

ति. मासानोबुदादास,
चिझुरुचा सा. न. वि. वि.

तळ्यांवर सकाळचं धुकं उतरू लागलंय. वृद्धाश्रमात आईसाठी जागा मिळाल्याचं लिहितोस, पण त्याआधी तिला आठवडाभर इथे पाठव. मी इथल्या गरम पाण्याच्या कुंडावरच्या लॉजवाल्याशी लग्न केलं, तेव्हा आई परक्यांची अंथरुणं घालायला मुलगी वाढवली नाही म्हणाली आणि इथल्या उंबऱ्याला कधी शिवली नाही. आता ती सगळंच विसरतेय. तो रागही विसरली असेल तर माझं भलंच!

वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चिझुरु

सेंदाई,
१२ ऑक्टोबर

चि. चिझुरुस,
अ. उ. आ.

तुझ्या हट्टापुढे कधी कोणाचं चाललंय? वीस तारखेला आईला आणून सोडतो आणि पुढच्या रविवारी न्यायला येतो. सोमवारी आश्रमात जायचंय. एक सांगून ठेवतो, ती तुला ओळखणार नाही. परवा मला पोस्टमन समजून उशीर झाला म्हणून झापलं. मनाला लावून घेऊ नकोस.

तब्येतीला जप, आम्हाला मनात असू दे.
तुझा दादा

युनोसावा,
२३ ऑक्टोबर

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तसंच झालं. आई मला मालकीणबाई म्हणते, वाकून नमस्कार करते. पहिल्या दिवशी रडले. मग मीही वाकू लागले.

रोज सकाळी आम्ही तळ्यांवर जातो. हिरवं तळं कोणी रंगवलं, असं तिनं विचारलं. लहान तळ्यात तळाशी गरम झरा आहे. तिथे वाफेत अन् धुक्यात पलीकडचा काठ विरघळून जातो. इथे हळू बोलावं, तळं झोपलंय, असं ती मलाच बजावते.

काल न्हाणीत रिवाजाप्रमाणे मी तिची पाठ घासली. मग तिनं मला वळायला लावलं, ऐकेचना. पाठ घासताना म्हणाली की तिचीही मुलगी इकडेच कुठल्याशा लॉजवर असते. जिभेची तिखट, अगदी आईवर गेलेली. तिच्या दारात पाऊल टाकणार नाही म्हटलं ते नुसतं तोंडानं, जीव तिच्यापाशीच होता. मला वळून बघवेना. तिला निरोप धाडू का, विचारलं. तर म्हणाली, नको, येईल तिची ती. तोवर मालकीणबाईंनी राहू दिलं तर उपकार होतील.

दादा, आश्रमाला नाही कळव. तू ये, पण तिला न्यायला नको. मुलगी येईपर्यंत आई इथेच थांबणार आहे.

तुझी,
चिझुरु